विश्वावसु संवत्सर, सापाचं वर्ष

25 जानेवारी 2025, शनिवार. बीजिंग

माझ्या पत्रिकेची पहिली ओळ अशी आहे : शके 1887, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख मासे. कागद पिवळा पडलाय, घड्या तुटायला आल्यात, पण शाई अजून स्वच्छ. गेल्या दिवाळीत लेकीचा बीजिंगहून फोन आला. "आई, येतं वर्ष इथं सापाचं आहे. तू 1965 ची, म्हणजे तूही सापाची. आणि नुसता साप नव्हे, वर्षाचं अख्खं नावच तेच, यी-स. साठ वर्षांनी परत येतंय." मी उठून पत्रिका काढली, मग येत्या पाडव्याला लागणाऱ्या शके 1947 चं नाव पाहिलं. विश्वावसु.

यात योगायोग काही नाही. दोन्हीकडे चक्र साठाचंच, तेव्हा साठ वर्षांनी दोन्ही नावं एकदमच फिरून येणार. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, एवढं कळतंच. पण दोन्हीकडे साठच का, हे मात्र मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. वैशाखात साठी आहे. शांत वगैरे नंतर बघू, आधी हे बघून येऊ, असं ठरवलं आणि तिकीट काढलं.

हाँगकाँगमार्गे येऊन आज दुपारी उतरले. थंडी कोरडी, ओठ लगेच फुटले. रस्त्याकडेची झाडं उघडी आणि त्यांवर तांबडे कंदील टांगलेले. लेकीच्या इमारतीत अर्धे दरवाजे बंद आहेत, सगळे आपापल्या गावी गेलेत. समोरच्या घरातल्या बाई मात्र इथल्याच. लेक त्यांना 'आयी' म्हणते. चिनी भाषेत मावशी-काकूंना 'आयी' म्हणतात. पहिल्यांदा हाक ऐकली तेव्हा मीच "ओ" दिली.

आयींनी विचारलं, "नी शू शन्मा?" शब्दशः, तुम्ही कुणाच्या? इथं वय विचारायची ही सभ्य रीत. वर्षांना आळीपाळीने बारा प्राण्यांची नावं असतात. आपल्या जन्मवर्षाचा प्राणी सांगितला की समोरचा चेहरा बघून बाराबाराच्या हिशेबात नेमकं वय काढतो. मी साप म्हटल्यावर त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, एकसष्ट लागेल. जन्मतःच एक, आणि मग दर नववर्षाला एक वाढवायचं, असा जुना हिशेब. त्या स्वतः 1957 च्या, म्हणजे कोंबड्याच्या. माझी लेक 1993 ची, तीही कोंबड्याचीच. साप, कोंबडा आणि बैल या तिघांचं चांगलं जमतं म्हणे, म्हणून आयी आमच्यावर खूश.

घरून तिळगूळ आणला होता, तो त्यांच्या हातावर ठेवला. लेकीने अर्थ सांगितला : हे घ्या आणि गोड बोला. आयी क्षणभर बघत राहिल्या आणि आत जाऊन एक बशी घेऊन आल्या. बशीत तीळ लावलेल्या, दाताला चिकटणाऱ्या साखरेच्या कांड्या. त्यांच्या बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी, म्हणजे यंदा 22 जानेवारीला, चुलीचा देव घराचा वर्षभराचा अहवाल द्यायला स्वर्गात जातो. त्याने वर जाऊन गोड बोलावं म्हणून त्याच्या चित्राच्या ओठांना ही साखर लावतात. आमच्या संक्रांतीला झाले होते अकरा दिवस, त्यांच्या नैवेद्याला तीन. तीळ इथेही आणि तिथेही.

26 जानेवारी, रविवार

जुनी वेधशाळा. हिच्यासाठी मी दिवाळीपासून दिवस मोजत होते.

शहराच्या जुन्या तटबंदीचा एक कोपरा उरला आहे, जेमतेम चौदा मीटर उंचीचा. खाली मोठ्या रस्त्यावरून गाड्या धावतात आणि वर गच्चीत आठ प्रचंड काशाची यंत्रं उघड्या आभाळाखाली उभी. मिंग राजवटीत 1442 साली ही वेधशाळा बांधली आणि 1929 पर्यंत इथं वेध घेतले जात होते. पावणेपाचशेच्या वर वर्षं एकाच जागी उभं राहून आभाळ मोजलं. आठांपैकी सहा यंत्रं फर्डिनांड फर्बिस्ट या बेल्जियमहून आलेल्या जेसुइट पाद्र्याने 1669 ते 1673 या काळात करवून घेतली. अंशांच्या रेघा युरोपच्या पद्धतीच्या, पण वर्तुळं पाठीवर तोलून धरलेत चिनी ड्रॅगननी. एका ड्रॅगनच्या पंजाजवळ मी बराच वेळ उभी होते. नखांखाली स्नायू फुगलेले दाखवलेत, जणू त्या कड्यांचं वजन त्याला खरंच जाणवतंय.

फर्बिस्टची गोष्ट अधिक महिन्याची आहे आणि ती मला फार आवडते. 1664 मध्ये जेसुइटांवर खटला होऊन पंचांगाचं खातं त्यांच्या विरोधकांकडे गेलं होतं. तरुण कांगशी सम्राटाने दोन्ही बाजूंना समोर उभं केलं : उद्या दुपारी काठीची सावली कुठवर येईल ते आज सांगा. फर्बिस्टची सावली बरोबर आली. मग त्याने छापून तयार असलेलं पंचांग तपासलं आणि त्यात घातलेला अधिक महिना चुकीचा आहे हे दाखवून दिलं. वाटलेल्या पंचांगातून आख्खा महिना काढून टाकायचा म्हणजे राजसत्तेला केवढी नामुष्की! स्वर्गाशी मेळ राखणं हेच तर सम्राटाचं काम. तरीही कांगशीने तो महिना काढला. तेव्हा तो जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा होता.

अधिक महिना कधी घालायचा याचा त्यांचा नियम लेकीने मोठ्याने वाचून दाखवला आणि मला तिथेच बसावंसं वाटलं. सूर्याच्या वर्षाचे ते चोवीस भाग करतात, पंधरा पंधरा अंशांचे. त्यातले एकाआड एक बारा बिंदू मुख्य. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच्या ज्या महिन्यात यातला एकही बिंदू येत नाही, तो अधिक. आपण काय म्हणतो? ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही, तो अधिक मास. शब्द बदला, नियम तोच. एकोणीस वर्षांत साधारण सात अधिक महिने, हेही तेच.

मग महिने वेगळे का येतात? कारण त्यांचे बिंदू सायन आहेत, थेट संपात आणि अयनांना, म्हणजे ऋतूंना बांधलेले, आणि आपल्या संक्रांती निरयन, ताऱ्यांना बांधलेल्या. 2023 साली आपल्या गुढीपाडव्याला, 22 मार्चला, त्यांचा अधिक दुसरा महिना लागला. आपला अधिक श्रावण आला जुलैत. यंदा त्यांचा अधिक सहावा महिना 25 जुलैपासून आहे, आपला अधिक ज्येष्ठ येणार 2026 मध्ये. आपल्यातही टिळक पंचांग आणि बाकीच्या पंचांगांचा अधिक महिना कधीकधी वेगळा पडतो आणि कोकणात काही घरी गणपती महिनाभर आधी येतात. आभाळ एकच असतं, मोजायला सुरुवात कुठून करायची यावर सगळं ठरतं. त्यांनी सुरुवात दक्षिणायन संपतं त्या दिवसाला, 21-22 डिसेंबरला, खिळवून ठेवली आहे. तो दिवस अकराव्या महिन्यातच आला पाहिजे. म्हणून नववर्ष बहुतेक वेळा त्यानंतरच्या दुसऱ्या अमावास्येला येतं, 21 जानेवारी ते 20-21 फेब्रुवारीच्या दरम्यान.

1900 साली जर्मन आणि फ्रेंच फौजांनी ही यंत्रं वाटून घेतली. फ्रेंचांनी आपला वाटा दोनेक वर्षांत परत केला. जर्मनांनी नेलेली यंत्रं पोट्सडामच्या राजवाड्यात मांडून ठेवली होती, ती व्हर्सायच्या तहात वेगळं कलम घातल्यावर 1921 मध्ये परतली.

27 जानेवारी, सोमवार

युआनमिंगयुआन, जुना उन्हाळी राजवाडा. तळं गोठलेलं, मुलं बर्फावर खुर्च्या ढकलत होती.

मला बघायचं होतं कारंजं. छ्यानलोंग सम्राटासाठी अठराव्या शतकाच्या मध्यावर जेसुइट कारागिरांनी इथं पाश्चात्त्य धाटणीचे महाल बांधले. हायआनथांग या महालासमोर पाण्याचं घड्याळ होतं : बारा मूर्ती, अंग झगा घातलेल्या माणसाचं, शिर काशाचं आणि प्राण्याचं. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. जुना चिनी दिवस बारा प्रहरांचा, प्रत्येक प्रहर आपल्या दोन तासांचा. ज्याचा प्रहर, त्याच्या तोंडातून पाणी. सापाची वेळ सकाळी नऊ ते अकरा. बरोबर मध्यान्हीला बाराही जण एकदम पाणी सोडत.

मध्यान्ह घोड्याच्या प्रहरात येते. त्या प्रहराला म्हणतात 'वू', आणि दुपारला आजही 'चोंगवू', सकाळला 'शांगवू', दुपारनंतरला 'शियावू'. मोबाइलमधल्या घड्याळातही हेच शब्द आहेत.

1860 च्या ऑक्टोबरात इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने हा सगळा परिसर लुटला आणि लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने जाळला. दुसरं अफूयुद्ध. त्या सैन्यात हिंदुस्थानातल्या पलटणी होत्या आणि ज्या अफूवरून ही युद्धं झाली, त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात होती. मुंबईतल्या जुन्या भव्य इमारतींकडे यापुढे बघताना मला हा पडलेला संगमरवर आठवणार.

बारांपैकी सात शिरं आजवर चीनमध्ये परत आली आहेत. बैल, वाघ आणि माकड 2000 साली हाँगकाँगच्या लिलावात एका चिनी कंपनीने घेतले. उंदीर आणि ससा 2013 मध्ये फ्रान्समधल्या एका धनिक घराण्याने परत केले. घोड्याचं शिर 2020 मध्ये तर थेट याच बागेत आलं. ड्रॅगन, साप, बकरी, कोंबडा आणि कुत्रा अजून बाहेर आहेत. म्हणजे मी आणि माझी लेक, दोघींचीही शिरं बेपत्ता. कारंज्याच्या कोरड्या कुंडाशी आम्ही दोघी बराच वेळ न बोलता उभ्या होतो.

28 जानेवारी, मंगळवार. वर्षाची शेवटची रात्र

आजच्या रात्रीला लोक सर्रास 'वर्षाची तिसावी' म्हणतात, पण यंदा महिन्यात तिसावा दिवसच नाही. बारावा महिना एकोणतीस दिवसांचा आहे. यंदापासून 2029 पर्यंत सलग पाच वर्षं हीच गत असणार आहे. चंद्राचा महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे कधी तीस, कधी एकोणतीस. तरी शब्द बदलत नाही, तिसावी ती तिसावीच.

दुपारपासून आयींकडे. त्यांचा मुलगा दक्षिणेत नोकरीला असतो, तो सून आणि नातीला घेऊन काल पोचला. दारावर तांबड्या कागदावरच्या दोन उभ्या ओळी चिकटवल्या, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. मग सगळे टेबलाभोवती बसलो जियाओझ करायला. पारी तळहाताएवढी, मध्ये जाड, कडेला पातळ. सारण एकात मांसाचं आणि आमच्यासाठी वेगळं, लसणाच्या पातीसारख्या वासाची हिरवी भाजी आणि अंडं. मी पारीच्या कडेला करंजीसारखी मुरड घातली. आयींनी ती हातात घेतली, उलटी करून पाहिली, कडेवरून बोट फिरवलं आणि सुनेला बोलावून दाखवली. मग त्यांनी मला त्यांची रीत शिकवली : दोन्ही अंगठे आणि तर्जन्या एकदम दाबायच्या, की पोट फुगलेलं राहतं आणि तळाला ते बसतं. माझ्या मुरडीच्या वेगळ्या ओळीत ठेवल्या. उकळताना एकही फुटली नाही.

बरोबर व्हिनेगरमध्ये मुरवलेला लसूण. बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी घातलेला, वीस दिवसांत पाचूसारखा हिरवा झालेला. रंग घातलाय असंच वाटावं, पण तो आपोआप येतो. आंबट, किंचित गोड आणि लसणाचा उग्रपणा गेलेला.

जेवण झाल्यावर आयींनी मला एक पुडी दिली. तांबडे मोजे. आपल्या स्वतःच्या प्राण्याचं वर्ष आलं की ते जड जातं अशी समजूत आहे, त्या वर्षाला म्हणतात 'पन्मिंगन्यान'. मग वर्षभर अंगावर काहीतरी तांबडं असावं, आणि ते दुसऱ्या कुणी दिलेलं असावं. मी तिथेच मोजे चढवले. नवं वर्ष लागायच्या आत घालायचे असतात.

टीव्हीवर वर्षानुवर्षं चालत आलेला नववर्षाचा कार्यक्रम. यंदा त्यात यंत्रमानव हातात तांबडे रुमाल फिरवत लोकनृत्य नाचले आणि आयींची नात सोफ्यावर उभी राहून त्यांच्याबरोबर नाचली. तिनेच मला उंदराची गोष्ट सांगितली : शर्यतीत बैलाच्या पाठीवर बसून गेला आणि ऐन वेळी उडी मारून पहिला आला. रात्री अकराला उंदराचा प्रहर लागतो, त्याचं नाव 'झ'. जुनं वर्ष आणि नवं वर्ष त्या प्रहरात एकमेकांना भेटतात, म्हणून त्या भेटीचं आणि खायच्या पदार्थाचं नाव उच्चाराने सारखंच, जियाओझ. शहरात फटाक्यांना बंदी आहे. बारा वाजले तेव्हा खिडकीबाहेर शांतता होती आणि आत सगळे एकदम बोलत होते.

29 जानेवारी, बुधवार. पहिला दिवस

मोबाइलमध्ये आपलं पंचांग उघडलं : पौष अमावास्या, मौनी अमावास्या. प्रयागला आज कुंभाचं स्नान. आणि इथं आज पहिल्या महिन्याचा पहिला दिवस.

सूर्य-चंद्राची युती आज संध्याकाळी, इथल्या आठ वाजून छत्तीस मिनिटांनी, आपल्या सहा वाजून सहा मिनिटांनी. ज्या दिवसात तो क्षण पडला तो आख्खा दिवस चिनी लोक महिन्याचा पहिला धरतात. आपण सूर्योदयाला असलेली तिथी धरतो, म्हणून आपल्याकडे आज अमावास्या आणि माघ शुद्ध प्रतिपदा उद्या. क्षण एकच, त्याच्या अलीकडे बघायचं की पलीकडे एवढाच फरक. शाळेत असते तर आज फळ्यावर हे काढलं असतं.

सकाळी बाययुनग्वान, पांढऱ्या ढगांचं ताओ मंदिर. रांग रस्त्यापर्यंत. दाराच्या दगडी कमानीत एक एवढंसं माकड कोरलेलं आहे, हात लावून लावून लोकांनी ते काळं, गुळगुळीत केलंय. मीही हात लावला.

आत एका दालनात साठ देव बसलेत. साठ वर्षांचे साठ, प्रत्येक वर्षाला एक. लोक आपापल्या जन्मवर्षाचा देव शोधतात आणि त्याच्यापुढे हात जोडतात. मी साठीला टेकलेली बाई साठ मूर्तींपुढून हळूहळू चालत गेले. लेकीने 'यी-स' अक्षरं कशी दिसतात ते आधीच हातावर काढून दाखवलं होतं. 'स'चं अक्षर म्हणजे वर वेटोळं आणि खालून उजवीकडे वळून वर गेलेली शेपटी. सापडलं. माझा देव दाढीवाला आहे, नजर खाली. तिथेच एक म्हातारे गृहस्थ उभे होते, त्याच देवापुढे. म्हणजे माझ्याच वयाचे. त्यांनी माझे तांबडे मोजे पाहिले आणि आपल्या पँटची घडी जरा वर करून स्वतःचे दाखवले.

साठाचं कोडं मला इथं उलगडलं. चिनी वर्षाच्या नावात दोन अक्षरं. पहिलं दहांतलं, दुसरं बारांतलं. दोन्ही एकेक पाऊल पुढे सरकत राहतात. दहा आणि बारांचा लसावि साठ. दहांमध्ये लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वं दोन दोनदा येतात, म्हणून यंदा लाकडाचा साप. ही साठ नावं मुळात दिवसांची होती. तीन हजार वर्षांहून जुन्या, शांग राजवटीतल्या हाडांवर दिवस याच नावांनी कोरलेत. वर्षांना ती बऱ्याच नंतर लागली. आणि बारा हा आकडा वर्षांना चिकटला गुरूमुळे. गुरूला आकाशाची फेरी मारायला 11.86 वर्षं लागतात, ढोबळ बारा. चिनी भाषेत गुरूचं जुनं नावच 'वर्षाचा तारा'. आपले साठ संवत्सरही बार्हस्पत्य, गुरूच्या पाच फेऱ्या. वाटा वेगळ्या, पण दोन्ही वाटांवर पुढे चालणारा तो एकच पिवळसर तारा.

प्राणी मात्र नंतर आलेत आणि पहिल्यापासून आजच्यासारखेही नव्हते. हुपे प्रांतात शुयहूदी इथं 1975 साली एका कबरीत छिन काळातल्या बांबूच्या पट्ट्या सापडल्या. त्यांवरच्या यादीत घोड्याच्या जागी हरीण आहे.

30 जानेवारी, गुरुवार

सकाळच्या गाडीने शिजियाझुआंग, सव्वा तासाचं अंतर. हे माझ्या हट्टाने. आम्ही मिरजेचे, सोलापूर आमचं शेजार. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस तिथले, 10 ऑक्टोबर 1910 चा जन्म. 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला आले, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, इथल्याच एका परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. 9 डिसेंबर 1942 ला गेले, बत्तिसाव्या वर्षी. मुलगा जेमतेम काही महिन्यांचा.

हुतात्म्यांच्या बागेत सुरूची झाडं, सणामुळे माणसं तुरळक. पुतळ्यापाशी मी घरून आणलेला तिळगूळ ठेवला. एक बाई लहान मुलीला घेऊन आल्या होत्या, मुलगी पुतळ्याचं नाव वाचत होती : ख तीहुआ. बाईंनी लेकीला सांगितलं, छिंगमिंगला या, तेव्हा इथं फुलंच फुलं असतात. छिंगमिंग हा पितरांच्या समाध्या झाडून-पुसून घ्यायचा दिवस. तो चंद्रावर नाही, सूर्याच्या त्या चोवीस भागांवर चालतो, म्हणून नेहमी 4-5 एप्रिललाच येतो, आपली संक्रांत जशी 14-15 जानेवारीला. कोटणीस 1910 चे, म्हणजे कुत्र्याच्या वर्षातले. हे त्यांना कुणीतरी नक्की सांगितलं असणार. इथं कुणी विचारल्याशिवाय राहत नाही.

संध्याकाळी झेंगझोऊ.

31 जानेवारी, शुक्रवार. गाओचंग

डेंगफेंग, शाओलिनचं गाव. सगळे पर्यटक तिकडे वळले आणि आम्ही विरुद्ध दिशेला, गाओचंगला. इथं 1276 साली, कुब्लाई खानाच्या काळात गुओ शोउचिंगने बांधलेली वेधशाळा आहे. विटांचा निमुळता होत गेलेला बुरूज, साडेनऊ मीटरचा. उत्तरेच्या बाजूला वरपासून खालपर्यंत खाच, आणि त्या खाचेच्या पायथ्याशी सुरू होऊन जमिनीलगत सरळ उत्तरेला गेलेली दगडी पट्टी. छत्तीस दगड, 31 मीटरहून लांब. नाव 'आभाळ मोजायची पट्टी'.

आपण ज्याला शंकू म्हणतो तेच हे यंत्र. जमिनीत उभी काठी, मध्यान्हीची सावली मोजायची, ती सर्वांत लांब ज्या दिवशी तो दक्षिणायनाचा शेवट. जुनी काठी आठ चिनी फुटांची असे. गुओने ती चाळीस केली. सावली पाचपट लांब, म्हणजे चूकही तेवढीच कमी. पण सावली लांबली की तिची कड पुसट होते, म्हणून त्याने बारीक भोक पाडलेला पत्रा वापरला. भोकातून सूर्याचं इवलंसं बिंब पट्टीवर पडतं आणि वरच्या आडव्या दांड्याची रेघ त्या बिंबातून केसासारखी जाते. दगडांवर दोन बारीक पन्हळी कोरल्यात. त्यात पाणी भरलं की पट्टी समतल आहे की नाही ते कळतं. मी वाकून त्या पन्हळीत बोट घातलं. साडेसातशे वर्षांनंतरही कड धारदार आहे.

या मोजमापांवरून 1281 पासून लागू झालेल्या पंचांगात वर्ष धरलं 365.2425 दिवसांचं. युरोपने हाच आकडा 1582 मध्ये स्वीकारला, आणि आज जगभर भिंतीवर लटकतो तो हाच.

इथली खरी मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही. सगळा चीन एकाच वेळेवर चालतो आणि हे गाव बरंच पश्चिमेला, त्यामुळे मी घरी गणित करून आणलं होतं : बारा वाजून एक्केचाळीस मिनिटं. साडेबाराला ढग होते. मग ऊन आलं. बुरुजाची सावली पट्टीवर अर्ध्याच्याही अलीकडे, मधल्या रेषेच्या जरा डावीकडे पडलेली. आम्ही बघत राहिलो आणि ती सरकत सरकत मधोमध आली. लेकीने घड्याळ दाखवलं. बारा एक्केचाळीस. तिने माझा हात घट्ट धरला होता.

आवारातच त्याहून जुना दगडी शंकू आहे, 723 साली तांग काळात उभा केलेला. त्याचा पाया असा घडवलाय की उत्तरायण संपतं त्या दिवशी मध्यान्हीला चौथऱ्याबाहेर सावलीच पडत नाही. त्याच वर्षांत तांग दरबारी ज्योतिषखात्यात एक भारतीय घराणं नोकरीला होतं. त्यातल्या गौतम सिद्धाने, चिनी उच्चार छूथान शिदा, 718 मध्ये भारतीय गणित चिनी भाषेत नेलं : नवग्रहांचं पंचांग, 'ज्या'ची (त्रिकोणमितीतल्या साइनची) कोष्टकं आणि शून्यासाठी टिंब. तांगांच्या राजधानीत, आजच्या शीआनमध्ये, त्याच्या मुलाची कबर 1977 साली सापडली. अधिक महिन्यावर आम्ही दोन्ही लोकांनी कधी काळी समोरासमोर बसून बोलणं केलंय, हे त्या दगडापाशी उभी असताना मला खरं वाटलं.

3 फेब्रुवारी, सोमवार. बीजिंग

दोन दिवस परतीत आणि विश्रांतीत गेले. आज लीचुन, वसंताचा आरंभ, सूर्याच्या चोवीस भागांतला पहिला. रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी.

पत्रिका बघणारे म्हणतात, प्राणी खरा बदलतो तो आज, परवाच्या अमावास्येला नव्हे. गेलेल्या ड्रॅगनच्या वर्षात लीचुन आलाच नाही : 2024 चा त्या वर्षाच्या आधी पडला आणि 2025 चा नंतर. अशा वर्षाला 'विधवा वर्ष' म्हणतात, काही घरांत लग्नं टाळतात, आपल्याकडे सिंहस्थात टाळतात तशीच. यंदाच्या वर्षाला अधिक महिन्यामुळे 384 दिवस आहेत आणि लीचुन दोनदा, आज आणि पुढच्या 4 फेब्रुवारीला. आयींच्या भाचीचं लग्न म्हणूनच थांबलं होतं, आता ठरलंय.

रात्री आयींनी पातळ पोळ्या केल्या, आत मोड, अंडं आणि भाज्या गुंडाळून. वसंताला चावायचं, म्हणून हे खायचं. त्यांच्या स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे. वर मोठा आकडा, खाली चांद्र तिथी, त्याखाली वर्षाचं, महिन्याचं आणि दिवसाचं साठांतलं नाव, आणि शेवटी दोन रकाने, आज काय करावं आणि काय टाळावं. जेवणानंतर त्यांनी आजचं पान फाडून मला दिलं आणि पेन पुढे केलं. तुमच्याकडे या वर्षाला काय म्हणतात ते लिही.

दहा वाजून गेले होते. मी पानाच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, विश्वावसु. आयींनी शिरोरेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हा कुठला प्राणी? लेकीने सांगितलं, प्राणी नाही, गंधर्व आहे, गाणारा. त्यांनी मान हलवली, पानाचे दोन भाग केले, 'यी-स' लिहिलेला अर्धा मला दिला आणि 'विश्वावसु'चा अर्धा चुलीच्या देवाच्या नव्या चित्राखाली चिकटवला.